सेशन एक्सपायर्ड: सगळ्या कुकी पुसण्याआधी हे पाहा

जून-जुलैत अमळनेर, पारोळा, शिरपूर, चाळीसगाव, कुठल्याही बसस्टँडजवळच्या ऑनलाइन सेंटरवर जा, एक वाक्य हमखास कानावर पडतं: "भाऊ, हाई परत पासवर्ड मांगी ऱ्हायनं!" अर्धा फॉर्म भरून झालेला असतो, उत्पन्नाचा दाखला अपलोड झालेला असतो, 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबलं की पान थेट लॉगिनवर येऊन पडतं. वर लाल अक्षरांत 'सेशन एक्सपायर्ड', म्हणजे लॉगिनची मुदत संपली. मग शेजारच्या खुर्चीवरून सल्ला येतो, "हिस्टरी क्लिअर कर रे." सगळं पुसलं जातं, कुकी म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदीही, त्यासोबत बाकीच्या पोर्टलांची लॉगिनंही जातात आणि दुसऱ्या दिवशी तेच दुखणं पुन्हा हजर.

सेंटर चालवणारे, कॉलेजची पोरं, घरच्या लॅपटॉपवर केळीच्या पीक विम्याचा अर्ज भरणारे, सगळ्यांसाठी हे लिहितोय. कुकी पुसण्याचा इलाज मोजक्याच बिघाडांवर चालतो. बाकीच्यांत तो फुकट जातो, काहींत उलटा पडतो. बिघाड कोणता हे ओळखायला मात्र फार काही लागत नाही. आपण नेमके कधी बाहेर फेकले जातो, तेवढं नीट पाहायचं.

आत काय चाललेलं असतं

वेबसाइटला तुमची आठवण राहत नाही. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की सर्व्हरच्या लेखी तुम्ही नवा माणूस. नेटस्केप कंपनीतल्या लू मॉंटुली या प्रोग्रॅमरने १९९४ मध्ये यावर तोडगा काढला. सर्व्हरने ब्राउझरच्या हाती छोटा मजकूर द्यायचा, ब्राउझरने तो जपून ठेवायचा आणि त्या साइटकडे जाताना दर वेळी सोबत न्यायचा. हीच कुकी. तीस वर्षं उलटली तरी मूळ पद्धत बदललेली नाही.

खरेदी केंद्रावर कापूस घेऊन गेलं की टोकन मिळतं. टोकनावर फक्त नंबर. नाव, गाव, किती क्विंटल, ते सगळं आतल्या रजिस्टरला. लॉगिनची कुकी साधारण अशीच असते. चांगल्या साइटच्या कुकीत तुमचा पासवर्ड नसतो, फॉर्ममधली माहितीही नसते, असतो तो एक लांबलचक नंबर. त्या नंबरापुढची सगळी नोंद सर्व्हरकडे. म्हणजे तुम्ही बाहेर पडता ते बहुधा तीन कारणांनी: टोकन हरवलं, टोकन बदललं गेलं, नाहीतर टोकन खिशात आहे पण रजिस्टरमधली नोंद खोडली गेली. पहिली दोन कारणं तुमच्या संगणकावरची, तिसरं तिकडचं. तिसऱ्यावर इकडून कितीही कुकी पुसल्या तरी काय होणार?

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. काही कुकींवर मुदतीची तारीख असते, काहींवर नसते. तारीख नसलेली कुकी ब्राउझर बंद केला की सहसा संपते. तारीख असलेली टिकते, पण क्रोम ती जास्तीत जास्त ४०० दिवसच ठेवतो, साइटने दहा वर्षं मागितली तरी. सरकारी आणि बँकेच्या साइटी बहुधा बिनतारखेची कुकी देतात. ब्राउझर मिटला की लॉगिन जाणं हा तिथे बिघाडच नाही, सुरक्षेसाठी मुद्दाम तसं केलेलं असतं.

दुसऱ्याचा फॉर्म उघडला आणि पहिल्याचा गेला

सेंटरवरच्या तक्रारींत सगळ्यात जास्त भरणा याचाच. आणि यालाच लोक 'साइट स्लो आहे', 'सर्व्हर डाउन आहे' म्हणतात.

होतं असं. एका मुलीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म एका टॅबमध्ये उघडलाय. तिचा जातीचा दाखला घरी राहिला, तो व्हॉट्सॲपवर यायचाय. तेवढ्या वेळात मागे उभ्या पोराचं काम उरकावं म्हणून सेंटरवाला त्याच पोर्टलवर दुसऱ्या टॅबमध्ये त्याचं लॉगिन करतो. दाखला आला की पहिल्या टॅबवर परत जाऊन 'सेव्ह' दाबतो, आणि पान बाहेर फेकतं. नशीब बरं असेल तर बाहेर फेकतं. नसेल तर मुलीचा पत्ता त्या पोराच्या अर्जात जाऊन बसतो आणि ते महिनाभराने छाननीत कळतं.

टॅब दोन दिसतात, पण कुकीची पेटी एकच असते. एका साइटची त्याच नावाची दुसरी कुकी आली की पहिली पुसली जाते. पहिल्या टॅबमध्ये पडद्यावर मुलीचं नाव दिसतं खरं, कारण ते पान आधीच उतरलेलं आहे. बटण दाबताना मात्र ब्राउझर सध्या पेटीत असलेला, म्हणजे त्या पोराचा नंबर पाठवतो. सावध पोर्टल हा गोंधळ ओळखून दोघांनाही बाहेर काढतं. ढिसाळ पोर्टल माहिती सरमिसळ करतं.

यावर बरेच जण इनकॉग्निटोचा, म्हणजे ब्राउझरच्या खासगी विंडोचा, उपाय सांगतात. तो अर्धाच चालतो. नेहमीची विंडो आणि इनकॉग्निटो विंडो यांच्या पेट्या वेगळ्या, हे खरं. पण इनकॉग्निटोच्या सगळ्या विंडोंची मिळून पेटी पुन्हा एकच. दोन इनकॉग्निटो विंडो उघडून दोघांचे फॉर्म भरायला गेलात की पुन्हा तेच. शिवाय इनकॉग्निटोमध्ये क्रोम दुसऱ्या साइटच्या कुकी मुळातच अडवतो, त्यामुळे काही पोर्टलांवर पैसे भरण्याची चौकट कोरी दिसते.

खरा उपाय वेगवेगळ्या प्रोफाइलचा. क्रोममध्ये वर उजवीकडच्या गोल चित्रावर क्लिक करून नवं प्रोफाइल जोडायचं. गुगल खातं जोडायची गरज नाही, खात्याविना पुढे जाता येतं. प्रत्येक प्रोफाइलला स्वतःची वेगळी पेटी मिळते. 'खुर्ची एक', 'खुर्ची दोन' अशी नावं आणि वेगवेगळे रंग दिले की घाईतही चूक होत नाही. माझ्या मते एका संगणकावर तीनाच्या वर प्रोफाइल नको. जुन्या चार जीबी रॅमच्या मशिनचा जीव त्यातच जातो. दुसरा रस्ता म्हणजे एकाचा फॉर्म क्रोममध्ये, दुसऱ्याचा एजमध्ये, तिसऱ्याचा फायरफॉक्समध्ये. साधा आहे, चालतो. फायरफॉक्सवाल्यांसाठी 'मल्टी-अकाउंट कंटेनर्स' नावाचं मोझिलाचंच एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची जादा सोय, आहे. त्यात एकाच विंडोतल्या टॅबना रंग देऊन वेगळ्या पेट्या देता येतात. सेंटरवर दिवसभर हेच काम असेल तर ते शिकून घ्याच.

याच जातीचा आणखी एक घोळ. सेंटरवर पोरीचा फॉर्म भरणं चालू असतं आणि घरी तिचा भाऊ 'बघू तरी कुठपर्यंत आलं' म्हणून मोबाईलवर त्याच आयडीने लॉगिन करतो. काही पोर्टलं एका आयडीला एका वेळी एकच प्रवेश देतात. भाऊ आत गेला की सेंटरवरचं टोकन रजिस्टरमधून खोडलं जातं. इथे संगणकावर काहीही करू नका. भावाला फोन करा.

लॉगिन केलं की लगेच पुन्हा लॉगिन

पासवर्ड बरोबर, कॅप्चा बरोबर, ओटीपी बरोबर, तरी पान फिरून लॉगिनवरच येतं. किंवा 'टू मेनी रिडायरेक्ट्स' असं लिहून येतं. किंवा कोऱ्या पानावर '४०० बॅड रिक्वेस्ट' आणि खाली 'कुकी टू लार्ज'. कुकी पुसण्याचा इलाज खरा चालतो तो इथे. पण सगळ्या नाही, त्या एका साइटच्याच.

कारण असं की कुकी साठत जातात. एक कुकी साधारण ४ केबीपर्यंत असू शकते, आणि ब्राउझर त्या साइटच्या सगळ्या कुकी दर वेळी एकगठ्ठा पाठवतो. सर्व्हर मात्र एवढा गठ्ठा घेईलच असं नाही. अपाची या सर्व्हर सॉफ्टवेअरची मूळ मर्यादा ८१९० बाइट, म्हणजे जेमतेम ८ केबी. कधी जुनी सडकी कुकी आणि नवी कुकी एकाच वेळी जातात आणि सर्व्हर जुनीच धरून बसतो.

क्रोममध्ये ती साइट उघडायची आणि पत्त्याच्या डाव्या बाजूला छोटं चिन्ह असतं त्यावर क्लिक करायचं. पूर्वी तिथे कुलूप असायचं, २०२३ पासून दोन आडव्या रेघांचं चिन्ह आलंय. त्यात 'कुकीज अँड साइट डेटा', मग 'मॅनेज ऑन-डिव्हाइस साइट डेटा', आणि त्या साइटच्या नावापुढची कचरापेटी. पान बंद करून पत्ता नव्याने टाइप करायचा. जुना बुकमार्क वापरू नका, त्यात कधीकधी जुनं अर्धवट लॉगिनच साठवलेलं असतं. बुकमार्क करायचाच तर मुख्य पानाचा करा.

कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकदम दाबून येणारी, सगळ्याच साइटींचं पुसणारी खिडकी हा शेवटचा मार्ग. तिथेही दोन गोष्टी पाहा. वेळ 'लास्ट अवर' वर असेल तर जुनी खराब कुकी तशीच राहते. आणि 'पासवर्ड्स' वर टिक असेल तर गिऱ्हाइकांसाठी साठवलेलं सगळं गेलंच म्हणून समजा.

पुसूनही फरक पडला नाही तर कुकी साठवलीच जात नाहीये का, ते बघा. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'साइट सेटिंग्ज', त्यात खाली 'ॲडिशनल कंटेंट सेटिंग्ज' आणि 'ऑन-डिव्हाइस साइट डेटा'. साठवायला मनाई केलेली असेल तर कुठलंच लॉगिन टिकणार नाही. जाहिरात अडवणारं एक्स्टेन्शन असेल तर तेवढ्यापुरतं बंद करून पाहा.

आता घड्याळ. आपल्याकडे लाइट जाणं नवं नाही, आणि जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा बटणासारखा सीआर २०३२ सेल संपला असेल तर लाइट आल्यावर संगणक भलत्याच जुन्या वर्षात जागा होतो. मग सुरक्षित साइटी उघडतच नाहीत, क्रोम 'युअर क्लॉक इज बिहाइंड' म्हणतो. काही वेळाने इंटरनेटवरून घड्याळ आपोआप दुरुस्त होतं, तारीख एकदम काही वर्षं पुढे उडी मारते आणि त्या जुन्या तारखेत एखादी साइट उघडलीच असेल तर तिच्या मुदतीच्या कुकी तत्क्षणी मुदतबाह्य होऊ शकतात. सकाळी सगळीकडे लॉगआउट झालेलं दिसलं की आधी कोपऱ्यातली तारीख बघायची सवय लावा. सेल किरकोळ किमतीत मिळतो, घड्याळाच्या दुकानातही.

थोडा वेळ थांबलो आणि गेलं

हे तिसरं कारण, तिकडचं. सर्व्हर ठरावीक वेळ वाट पाहतो आणि नोंद खोडतो. ही वेळ पोर्टल बनवणारा ठरवतो, पण पुष्कळ जण मूळ मांडणी बदलतच नाहीत. ती किती, याचा अंदाज कुकीच्या नावावरून येतो. एफ-१२ दाबा, 'ॲप्लिकेशन' टॅबमध्ये 'कुकीज' उघडा. नाव 'पीएचपीसेसआयडी' असं काही असेल तर मूळ मुदत १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. 'जेसेशनआयडी' असेल तर ते जावावर चाललंय, तिथे टॉमकॅट या सर्व्हर सॉफ्टवेअरची मूळ मुदत ३० मिनिटं. 'एएसपी डॉट नेट' ने सुरू होत असेल तर २०. पोर्टलने यापेक्षा कमी ठेवली असेल तर आणखी लवकर बाहेर.

इथे एक गैरसमज फार पक्का आहे. लोकांना वाटतं आपण टाइप करतोय म्हणजे आपण 'चालू' आहोत. सर्व्हरला टाइप केलेलं बहुधा कळतच नाही. त्याला कळतं ते पान पुढे गेलं किंवा 'सेव्ह' दाबलं की. एका लांब पानावर अर्धा तास प्रामाणिकपणे टाइप करत बसलात तरी त्याच्या हिशेबात तुम्ही अर्धा तास गायब. म्हणून 'सेव्ह ड्राफ्ट' असेल तर दर पाच-सात मिनिटांनी दाबा. लांब मजकूर आधी नोटपॅडमध्ये लिहा. आणि दाखले स्कॅन करणं, फोटोची साइज कमी करणं, बँक पासबुक शोधणं ही कामं लॉगिनच्या आधी. 'अप्पा, आधार लिंक असलेला मोबाईल सोबत आणलाय का?' हा प्रश्नही लॉगिनच्या आधीच विचारायचा, कारण तो मोबाईल हमखास शेतात गेलेल्या पोराकडे असतो आणि ओटीपी तिकडे वाजतो.

ब्रॉडबँड पडलं म्हणून मधेच मोबाईलच्या हॉटस्पॉटवर गेलात तरी काही पोर्टलं बाहेर काढतात. नेट बदललं की आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा नंबर, बदलतो, आणि त्यांना वाटतं टोकन कोणी चोरलं. फॉर्म संपेपर्यंत एकाच नेटवर राहा.

ब्राउझर बंद केला की सगळीकडचं लॉगिन जातं

एका पोर्टलचं जात असेल तर ते तसंच असायचं, वर सांगितलंय. सगळ्याच साइटींचं जात असेल, अगदी ईमेलचंही, तर ब्राउझर बंद होताना कुकी पुसायची सेटिंग चालू आहे. क्रोममध्ये ती 'ऑन-डिव्हाइस साइट डेटा' मध्येच सापडते. एजमध्ये बंद करताना काय पुसायचं याची वेगळी यादी आहे, फायरफॉक्समध्ये प्रायव्हसीच्या पानावर एक टिक. तिथेही काही नसेल तर संगणक 'साफ' करणारं एखादं फुकट सॉफ्टवेअर बसलंय का ते बघा. संगणक सुरू होताना ते इमानेइतबारे सगळ्या कुकी झाडून काढतं. कॉलेजच्या लॅबमध्ये तर मशिन रीस्टार्ट झालं की जुन्या स्थितीत परत नेणारं सॉफ्टवेअर असतं, तिथे काही टिकणारच नाही. पेन ड्राइव्ह वापरा.

फी भरून परत आलो तर लॉगआउट

छातीत धस्स होतं ते इथे. बँकेतून पैसे कापल्याचा एसएमएस आला, आणि पोर्टलवर आपण बाहेर.

पोर्टलवरून तुम्ही पेमेंटच्या साइटवर जाता आणि तिथून परत पोर्टलवर ढकलले जाता. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोमच्या ८० व्या आवृत्तीपासून नियम कडक झाला. साइटने कुकीवर स्पष्ट परवानगी लिहिलेली नसेल, तर दुसऱ्या साइटवरून माहिती सोबत घेऊन परतताना ब्राउझर ती कुकी पाठवत नाही. नव्या कुकीला पहिल्या दोन मिनिटांची सवलत ठेवली होती. पण फॉर्म भरून, ओटीपीची वाट बघून परत येईपर्यंत दोन मिनिटं कधीच उलटलेली असतात. टोकन खिशात आहे, पण ब्राउझर ते दाखवत नाही.

ही दुरुस्ती पोर्टलवाल्यांनीच करायची असते. त्या कुकीवर 'सेमसाइट नन' आणि 'सिक्युअर' अशा दोन खुणा लावल्या की प्रश्न सुटतो. तुम्ही एवढंच करा: पुन्हा पैसे भरू नका. 'बॅक' दाबू नका. नव्याने लॉगिन करून पेमेंटची स्थिती बघा, 'व्हेरिफाय पेमेंट' सारखं बटण असेल तर ते दाबा. 'पेंडिंग' दिसलं तर व्यवहार क्रमांक लिहून ठेवा आणि थांबा. घाईत दुसऱ्यांदा फी भरली की परतावा मिळवायला पुढे नुसत्या चकरा.

ज्याचा कुकीशी संबंध नाही

पडद्याच्या कोपऱ्यात सारख्या उडणाऱ्या जाहिराती, 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे' असली भीती घालणाऱ्या, कुकी पुसून जात नाहीत. कधीतरी एखाद्या साइटवर 'अलाऊ' दाबून नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते. साइट सेटिंग्जमधल्या 'नोटिफिकेशन्स' मध्ये अनोळखी नावं काढून टाका. कुकीची परवानगी मागणारी पट्टी वेगळी; ती युरोपच्या कायद्यांमुळे जगभर पसरली. तिथे 'रिजेक्ट' दाबलं म्हणून लॉगिन तुटत नाही, कारण लॉगिनची कुकी आवश्यक गटात मोडते. मी बिनदिक्कत 'रिजेक्ट' च दाबतो.

सेंटरवाल्यांनी मात्र एक पाळा. टॅब बंद करणं म्हणजे लॉगआउट नव्हे. टोकन ज्याच्या हाती तोच मालक, पासवर्ड त्याला कोणी विचारत नाही. गिऱ्हाइकाला स्वतःचा ईमेल किंवा बँक उघडायची असेल तर क्रोमची 'गेस्ट' विंडो द्या. ती बंद केली की पेटीसकट सगळं जातं.

आणि एवढं करूनही पोर्टल बाहेर फेकतच असेल तर मदतकक्षाला लिहा, पण 'साइट चालत नाही' असं नको. त्यावर 'कुकी क्लिअर करा' हेच उत्तर येणार. कोणत्या पानावर, कोणतं बटण दाबल्यावर, लॉगिननंतर किती मिनिटांनी, कोणत्या ब्राउझरची कोणती आवृत्ती, आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये काय झालं, हे लिहा. पूर्ण पडद्याचा फोटो जोडा, खाली तारीख-वेळ दिसेल असा. एफ-१२ मधला कुकीचा नंबर मात्र त्या फोटोत येऊ देऊ नका.